तुमचे देव किती?

दिवाळी अंकाच्या संपादकबाई फोनवर म्हणाल्या, "सर, जंगलातल्या नोकरीचे किस्से लिहा. वाघबिघ आला तर बरंच." वाघ मला सगळ्या नोकरीत दोनदा दिसला आणि दोन्ही वेळा त्याला माझ्यात काही रस नव्हता. रस दाखवला तो माणसांनी, म्हणून त्यांच्याबद्दल लिहितो. बाईंची निराशा होईल, त्याला इलाज नाही.

मी मराठीचा शिक्षक. गाव सिंदेवाही, पण नेमणूक आलापल्लीच्या पलीकडे, एसटी जिथून माघारी वळायची तिथून दोन कोस पायी. आठवी ते दहावीचे वर्ग असलेली आश्रमशाळा. म्हणजे मुलं तिथेच राहायची, तिथेच जेवायची आणि सणाला घरी गेली की परत येतील तेव्हा खरी. गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून नुकताच वेगळा झाला होता. शाळेच्या फलकावरचं जुनं नाव पुसून नवं लिहायला पेंटर मिळेना, त्यामुळे जवळजवळ वर्षभर आम्ही दोन्ही जिल्ह्यांत होतो.

बायको सिंदेवाहीला प्राथमिक शिक्षिका, दोन्ही मुलं तिच्याजवळ. पावसाळ्यात नदी रस्त्यावर आली की पत्रसुद्धा अडकायचं. मग एकदम सहा पत्रं यायची आणि पहिल्या पत्रात आजारी असलेला मुलगा सहाव्या पत्रात शाळेच्या शर्यतीत दुसरा आलेला असायचा. मला दोन खोल्या, एक कंदील आणि एक रेडिओ. रेडिओचे सेल संपले की भाजीशी बोलायचो. खोटं नाही सांगत, वांग्याला म्हणायचो, "चल बाबा, आज तू."

संध्याकाळी मुलं अंगणात बसून गोंडीत गप्पा मारायची, खिदळायची. मी ओट्यावर बसून ऐकायचो. हसू कळायचं, त्याचं कारण कळायचं नाही. कधी वाटायचं माझ्यावरच हसताहेत, कधी वाटायचं निदान तसं तरी असावं. मी फार एकटा होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं ते त्यातूनच झालं, असं मला आता वाटतं.

बाहेरच्यांना वाटतं, खेड्यातल्या मुलांना मराठी शिकवणं म्हणजे न आणि ण सुधारत बसणं. आमच्याकडे प्रकार वेगळा. मराठी त्यांना परकी. पुस्तकातली आगगाडी परकी, गणपतीची आरास परकी, समुद्र तर त्याहून परका. एकदा समुद्राचा धडा चालू असताना पांडू नावाचा नववीतला मुलगा म्हणाला, "गुर्जी, किती बोड्या मिळून समुद्र व्हते?" बोडी म्हणजे आमच्याकडे धानाला पाणी द्यायला बांधलेलं लहान तळं. मी म्हणालो, "मोजता येणार नाहीत." चाचणीच्या पेपरात त्याने लिहिलं, 'समुद्र म्हणजे न मोजलेल्या बोड्या.' मी पैकीच्या पैकी गुण दिले. मुख्याध्यापकांनी ते कापले आणि मला बोलावून विचारलं, "रामटेके, तुमी शिकवून राह्यले का शिकून राह्यले?" ते अकोल्याकडचे होते, माणूस वाईट नव्हता.

त्यांच्या त्या प्रश्नातूनच शनिवारचा तास निघाला. ठरवलं, आठवड्यातून एक तास पुस्तक बंद. त्या तासाला मुलांनी आपल्या गावची गाणी, कोडी, गोष्टी सांगायच्या; आधी गोंडीत, मग मराठीत. लिहायचं सगळ्यात शेवटी. इतर दिवशी ज्यांच्या तोंडून शब्द निघत नसे ती मुलं शनिवारी मला थांबवून दुरुस्त करू लागली. याचा मला अजून अभिमान आहे. सरकारने सांगितलं नव्हतं, कुठे वाचलंही नव्हतं.

अडचणी मात्र मी कल्पनाही केली नव्हती अशा. पहिल्याच शनिवारी पांडू उभा राहिला आणि गोष्ट सांगेना. कारण काय, तर दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो. त्याचा मामा त्या दिवशी खरोखरच बाजाराला निघाला होता. मी दारं-खिडक्या लावून घेतल्या, फटीत पोती कोंबली आणि म्हणालो, "झाली रात्र." वर्गाने आपसात विचारविनिमय करून रात्र मान्य केली. तेवढ्यात तपासणीला आलेल्या साहेबांनी दार उघडलं. अंधारात चाळीस मुलं, मधोमध मास्तर जमिनीवर मांडी घालून. त्यांनी शेरेबुकात काय लिहिलं ते इथे देत नाही.

त्या तासाचा खरा आधार म्हणजे रैनी. दहावीतली मुलगी, काळीसावळी, बारीक अंगाची, बोलायला कमी. पण गाणी तिला इतकी यायची की वही पुरायची नाही. एका गाण्याचं मराठी करताना ती तासभर अडून बसायची, कारण माझा शब्द तिला पटायचा नाही. "तसा नाई गुर्जी. तो रडते, पन कोनाले दिसत नाई तसा रडते." असा शब्द मराठीत आहे का, म्हणून मी रात्रभर डोकं खाजवायचो. आमच्या शाळेतून तोवर एकही मुलगी मॅट्रिक झाली नव्हती. रैनी होणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. तिलाही दिसत होतं. नर्सबाई व्हायचं, असं तिने निबंधात लिहिलं होतं.

त्या वर्षी स्नेहसंमेलनाला मी ठरवलं की दरवर्षीची ती फुगडी आणि देशभक्तिपर समूहगीत पुरे. यंदा मुलांच्या गावचं लग्न रंगमंचावर करायचं, खऱ्या गाण्यांसकट. पालक बघायला येतील, साहेबही येतील, शनिवारचा तास काय चीज आहे ते सगळ्यांना कळेल. नवरी रैनी, कारण गळा. नवरा पांडू, कारण तो आता दहावीत आला होता, चांगला उंच झाला होता आणि स्टेजवर घाबरत नव्हता.

रैनी तालमीच्या पहिल्या दिवशी माझ्याजवळ आली. "गुर्जी, पांडू नाई पायजे."

मी म्हणालो, "लाजतेस काय? नाटक आहे."

ती जरा वेळ उभी राहिली आणि गेली. मी का म्हणून विचारलं नाही. वर्षभर ज्या मुलीने माझा एकेक शब्द खोडून काढला, तिच्या या एका वाक्याचं कारण मी विचारलं नाही. नोकरीत पुष्कळ चुका केल्या, पण या चुकीजवळ मी अजून जाऊन बसतो.

संमेलन झालं. डहाळ्यांचा मांडव, खरी हळद, मधे खांब. मुलींनी गाणी धरली आणि अंगणात बसलेल्या बायकासुद्धा नकळत गुणगुणायला लागल्या. मी पडद्याआडून साहेबांचं तोंड बघत होतो. पांडू आणि रैनी खांबाभोवती फिरायला लागले. पहिला फेरा झाला आणि बायकांचं गुणगुणणं थांबलं. दुसऱ्या फेऱ्याला पुरुष उठले. कोणी ओरडलं नाही, कोणी भांडलं नाही. रैनीचे वडील वारलू स्टेजवर चढले, त्यांनी तिच्या डोक्यावरचं फडकं काढलं, हात धरला आणि तिला घेऊन अंधारात चालू लागले. साहेबांना वाटलं हाही नाटकाचाच भाग. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मुलांनी मला नंतर सांगितलं. त्यांच्यात प्रत्येक घराचे देव मोजलेले असतात. कोणी चार देवांचे, कोणी पाच, कोणी सहा, कोणी सात. आडनावं वेगळी असोत, गावं वेगळी असोत. देवांची संख्या एक असली की ते भाऊ-बहीण. त्यांच्यात सोयरीक होत नाही, तिचा विचारसुद्धा होत नाही. रैनी सात देवांची. पांडूही सात देवांचा. मी गावासमोर खरी हळद लावून, खरी गाणी म्हणून भावाबहिणीचं लग्न लावलं होतं.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" मी वर्गाला विचारलं.

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "रैनी बोलली ना, गुर्जी."

आठ दिवस झाले, रैनी आली नाही. मग पांडूकडून कळलं की तिच्या गावच्या भूमियाने, म्हणजे देवाचं बघणाऱ्या म्हाताऱ्याने, दोघांना समोरासमोर बसवून मधे गवताची काडी मोडली. काडीमोड झाली, दोष गेला. पांडू सुटला. पण मुलीच्या मागे बोलणं उरतंच. तिचा मामा म्हणाला, चर्चा इलाख्यात पसरायच्या आत पोरगी आमच्या घरी द्या, माझ्या मुलाला. मामाच्या घरचा तसाही पहिला हक्क. लग्न होळीच्या आधी. आणि परीक्षा होळीनंतर.

मी मुख्याध्यापकांची सायकल घेतली. अर्धी वाट सायकलवर, अर्धी सायकल खांद्यावर. वाटभर एकच वाक्य घोकत होतो: लग्न करा, मी अडवत नाही, फक्त परीक्षा होऊ द्या. दोन महिने थांबा. पाप माझं आहे, शिक्षा मला द्या, पण दोन महिने थांबा.

वारलूंच्या अंगणात मोहाच्या झाडाखाली सगळे बसलेले होते. रैनीचा मामा होता, भूमिया होता. मला बसायला खाट दिली, पाणी दिलं. अपमान कोणी केला नाही. मी सुरुवात केली, "रैनीच्या लग्नाबद्दल मला थोडं..."

भूमियाने हात वर केला. "पोरीच्या सोयरिकीचं घरचे बोलतेत, गुर्जी. भाईरच्या मानसाले तिथी बोलता येत नाई. तुमचे देव किती?"

मी म्हणालो, "एकही नाही."

हे सांगताना मला कधी संकोच वाटला नव्हता. छप्पन साली दीक्षा घेऊन नागपूरहून परत आल्यावर माझ्या बाबांनी घरातले सगळे देव टोपलीत घालून नदीत सोडले. मी तेव्हा लहान होतो, टोपलीला हात लावायचा हट्ट धरला होता. ती गोष्ट बाबा मरेपर्यंत ताठ मानेने सांगत राहिले आणि मीही सांगतो. पण त्या अंगणात ते उत्तर ऐकून भूमिया पुढे सरकून बसला.

"एकबी नाई?" भूमियाला खरंच माझी काळजी वाटली. "मंग तुमचा भाऊ कोन? सोयरा कोन?"

बायको, मुलं, सिंदेवाही, सगळं होतं. पण त्या क्षणी तो म्हातारा माझ्या दोन खोल्यांबद्दल, त्या कंदिलाबद्दल, त्या वांग्याबद्दल विचारतोय असं वाटलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते सगळ्यांना दिसलं.

"बसा. जेवून जा," भूमिया म्हणाला. "पन बोलू नोका."

तेव्हा दारातून रैनीचा आवाज आला. ती गोंडीत काहीतरी म्हणाली, दोनच वाक्यं. पुरुषांत कुजबुज झाली. वारलू माझ्याकडे वळून म्हणाले, "पोरगी म्हन्ते, गुर्जीले आपल्यात घ्या. सात देवात."

भूमियाने बराच विचार केला. मामाकडे पाहिलं, मामाने मान हलवली. मग त्याने हळदीचे तांदूळ मागवले, माझ्या कपाळाला लावले, डोक्यावर टाकले, देवांची नावं घेतली. मला खाटेवरून खाली बोलावलं. वारलूंनी स्वतःच्या चटईवर सरकून जागा केली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. कोणीतरी गोंडीत विनोद केला, सगळे हसले, आणि माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याने माझ्या कानात त्याचा अर्थ मराठीत सांगितला. तीन पावसाळ्यांत पहिल्यांदा मला हसण्याचं कारण कळलं होतं. विनोद माझ्या सायकलवरच होता.

"आता तू भाऊ," भूमिया म्हणाला. "आता बोल. लगन होळीच्या आंदी हाये. तुले काई म्हनाचं हाये का?"

सगळे माझ्याकडे बघत होते, आपल्या माणसाकडे बघतात तसे. वाटभर घोकलेलं वाक्य जिभेवर होतं. वारलूंचा हात अजून खांद्यावर होता. ते वाक्य उच्चारलं की हा हात उचलला जाईल, मी पुन्हा खाटेवर जाऊन बसेन, असं मला वाटलं.

मी म्हणालो, "तुम्ही ठरवाल तसं."

लग्नात भावाने करायची कामं मला सांगितली गेली, मी केली. नवरीसोबत तिच्या सासरच्या गावापर्यंत चालत गेलो. रैनी वाटभर माझ्याशी बोलली नाही. नवरी बोलत नसते, अशी मी स्वतःची समजूत घातली. तिने त्या दिवशी चारचौघांत माझी लाज राखली, बिनदेवाच्या एकट्या मास्तराला घर दिलं, हे उपकार मी मनात कोरून ठेवले होते. पुढे परीक्षेच्या केंद्रावर मुलांना घेऊन गेलो तेव्हा खिडकीतून तिचा बाक दिसत होता. बाकावर खडूने नंबर घातलेला, पेपर ठेवलेला, त्यावर दगड. पंख्याशिवायही तो कागद हलत होता. अर्ध्या तासाने पर्यवेक्षकांनी तो उचलून नेला.

पांडू पास झाला, पुढे वनखात्यात लागला. शनिवारचा तास चालू राहिला. नवीन वर्षाचा पहिला धडा मी देवांचा घेऊ लागलो: फळ्यावर चार रकाने आखायचे आणि मुलांनी मला सांगायचं, कोण कोणाचं भाऊ. साताच्या रकान्यात मुलं माझंही नाव लिहायला लावायची. पुढच्या तपासणीत त्याच साहेबांनी 'स्तुत्य उपक्रम' असा शेरा दिला. बाबांना मी ही गोष्ट कधी सांगितली नाही. बायकोला सांगितली. ती म्हणाली, "देव घेतले त्याचं काही नाही, आपल्या घरी आले नाहीत म्हणजे झालं. पण त्या पोरीच्या परीक्षेचं बोलून आलात ना?" मी कंदिलाची काच पुसायला घेतली.

नंतर बदली झाली, सिंदेवाहीजवळ आलो, घरात माणसं आली, भाजीशी बोलायची गरज उरली नाही. बऱ्याच वर्षांनी काही कामाने आलापल्लीला गेलो होतो. भर दुपारी बस स्टँडवर एक बाई पत्र्याची पेटी घेऊन उभी, शेजारी बारा-तेरा वर्षांची मुलगी. बाईने मला आधी ओळखलं.

"दादा," रैनी म्हणाली. "जोहार."

मुलीला वसतिगृहात पोचवायला निघाली होती. आम्ही सावलीत बसलो. वारलू गेले, भूमिया गेला, हे सांगून झालं. मुलगी हुशार आहे, गाणी मात्र तिला येत नाहीत, हेही झालं. मग ती पेटीच्या कडीशी चाळा करत म्हणाली,

"दादा, एक इचारू? त्या दिसी तुमी बोलले काऊन नाई?"

मी म्हणालो, "तू माझी लाज राखलीस, रैनी. तुमच्यात घेतलंत. त्यानंतर लगेच आडवं बोलणं मला..."

"लाज?" तिला खरंच कळेना. "लाज कोनाची? भाईरच्याले बोलता येत नाई, भूमिया म्हनला ना. तुमाले बोलता यावं म्हनून मी सात देवात घ्याले लावलं. मी दाराआड उभी होती. आता गुर्जी परीक्षेचं बोलते, आता बोलते, म्हनून वाट पाहून राह्यली होती."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"मला वाटलं..." मी म्हणालो.

"तुमाले घर भेटलं, मी पाह्यलं," ती म्हणाली. "तुमी लय खुश दिसत होते. मंग मीबी काई बोलली नाई."

त्यांची एसटी लागली. मी पेटी उचलायला गेलो तर तिने ती आधीच डोक्यावर घेतली. पायरीवरून वळून मुलीकडे मान करून म्हणाली, "ही भाची हाये तुमची. हिच्या वेळेस बोलजा."

मुलगी खिडकीशी बसली. शाळेत शिकवतात तशा स्वच्छ आवाजात तिने विचारलं, "मामा, तुम्हाला कुठे जायचं आहे?"

बस सुटेपर्यंत मी तिथेच उभा होतो, आणि कुठे जायचं आहे ते मला काही केल्या आठवेना.